अलोंझो पेटवे इथं राहत नाही

मिस ओडेसांनी माझी नोकरी घालवली. आकसानं नाही, प्रेमानं घालवली, आणि म्हणूनच माझा जास्त संताप होतो. वैऱ्यानं घालवली असती तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. प्रेमानं वाटोळं करणाऱ्या म्हातारीचं काय करायचं, सांगा मला.

मिस ओडेसा आमच्या समोरच्या घरात राहतात. आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं मिसच म्हणतात. मी जन्मलो तेव्हाही तिथंच होत्या. आई कामावर जाताना मला त्यांच्या स्वयंपाकघरात सोडून जायची, त्यामुळे माझ्या पाठीवर आईच्या हाताचे कमी आणि त्यांच्या झाडूचेच वळ जास्त उठलेत. आता ऐंशी उलटली, गुडघे गेले, पण डोळे आणि तोंड शाबूत आहेत. भर हिवाळ्यातसुद्धा गेलेल्या नवऱ्याचा ओव्हरकोट अंगावर ओढून दिवसभर पोर्चवर बसतात. गल्लीत परकं मांजर शिरलं तरी त्यांना खबर लागते.

आधी नोकरीचं सांगतो. गाड्यांच्या चाकांचे आस बनवायची फॅक्टरी होती आमची, तळ्याच्या बाजूला. माझा बाप अलाबामाहून आला तो तिथंच चिकटला, आणि मीही शाळा संपल्या संपल्या तिथं लागलो. एका शुक्रवारी दाराला कुलूप. मालकानं सगळं दक्षिणेत हलवलं. तेव्हापासून मी काय नाही केलं! बर्फ ओढला, छपरं ठोकली, पहाटे मजूर अड्ड्यावर जाऊन नाव पुकारायची वाट बघत बसलो. पण 'तू काय करतोस?' असं कुणी विचारलं की सांगायला काही नाही.

आणि उपदेशाला तोटा नाही. माझी बायको व्हर्नेटा, तिचा भाऊ क्लिफर्ड. टपालखात्यात आहे. दर रविवारी चर्च सुटलं की आमच्याकडे जेवायला येतो, माझ्याच टेबलावर माझ्याच बायकोनं तळलेल्या कोंबडीची तंगडी हातात धरतो आणि म्हणतो, "खरं सांगू लोनी? आपल्या काळ्या पुरुषांना कामच नको असतं."

"हो का? मग तुझ्या खात्यात चिकटव ना मला."

"तसं नसतं रे. तिथं पद्धत असते."

"मग गप गिळ."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! दिवसाढवळ्या आमच्या रस्त्यावर पुरुष दिसतात, हे खरं आहे. पण कधी थांबून विचारलंय कुणी? ओटिसची पाठ लोखंडाच्या ओतशाळेत मोडली, त्याला वाकून बूट घालता येत नाही. डेल्बर्टला विशीच्या आत एकदा पकडलं होतं. आता त्याला टक्कल पडलंय, तरी प्रत्येक अर्जात 'कधी अटक झाली होती का?' हा एक चौकोन असतोच, आणि तो भरला की अर्ज केराच्या टोपलीत. रेमंड आईला न्हाऊमाखू घालतो, भरवतो, रात्री कुशीवर वळवतो. माझी बायको म्हाताऱ्यांच्या आश्रमात हेच करते तर ती कामाला जाते, आणि रेमंड मात्र रिकामटेकडा! नवी गोदामं निघाली म्हणतात, निघाली ना, पण आमची बस जिथं संपते त्याच्या कितीतरी पुढे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तर असं सगळं चालू असताना शहराच्या पाणीखात्यात जागा निघाल्या. जमिनीखाली मोठे नळ फुटतात, ते खणून जोडायची टोळी. पक्की नोकरी, दवाखान्याचा खर्च, म्हातारपणी पेन्शन. मी परीक्षा दिली, पास. पोत्यांची ओझी उचलून दाखवली, पास. डॉक्टरनं छाती ठोकली, रक्त काढलं, पास. व्हर्नेटानं त्या दिवशी मला स्वयंपाकघरात मिठी मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती. म्हणाली, "आता माझी रात्रपाळी सुटेल रे." तिच्या पायांच्या शिरा फुगून दोऱ्यांसारख्या झाल्यात. मला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. तिची रात्रपाळी सुटायला हवी होती.

एकच गोष्ट उरली होती. शहराची नोकरी करणाऱ्यानं शहरातच राहिलं पाहिजे, असा नियम. बाहेरच्या वस्त्यांतली गोरी मंडळी शहरातल्या मावसभावाचा पत्ता देऊन नोकऱ्या लाटायची, म्हणून शहर एक तपासनीस पाठवतं. तो येऊन बघतो, शेजारीपाजारी विचारतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त 'पत्त्याची खातरजमा होईल' एवढंच सांगितलं होतं. म्हटलं, करा बापडे. याच घरात जन्मलोय, घाबरायचं काय?

तो आला त्या दिवशी व्हर्नेटा रात्रपाळी करून गाढ झोपली होती आणि मी चर्चच्या तळघरात होतो. तिथला नळ गोठून फुटला होता आणि मी पोटावर आडवा पडून तो जोडत होतो. फुकट. पाद्रीबाबांनी पाठ थोपटली आणि तळलेल्या माशाची ताटली हातात दिली. ती घेऊन मी घरी आलो तर मिस ओडेसा पोर्चवरून काठी हलवतायत.

"लोनी! अरे लोनी! इकडे ये आधी. आज तुला वाचवलं मी."

"कशापासून?"

"आला होता एक. गोरा, कोटवाला, दाढी घोटून. हातात पॅड. मला विचारतो, 'अलोंझो पेटवे इथं समोर राहतात का?' मी म्हटलं, कोण? पेटवे? कधी ऐकलं नाही बाई."

माझ्या हातातली ताटली कलली.

"पुढे ऐक ना!" त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद मावत नव्हता. "तो ओटिसकडे गेला. ओटिसनं मान हलवली. रेमंडकडे गेला. रेमंड म्हणाला, ते घर रिकामं आहे. डेल्बर्ट तर मागच्या दारानं पसारच झाला. बघ बाळा, अख्ख्या रस्त्यानं तुला सांभाळलं. कुणी तोंडातून ब्र काढला नाही."

आता तुम्ही म्हणाल, ही काय पद्धत? पण आमच्याकडे ही पद्धत आईच्या दुधातून मिळते. दारात परका माणूस आला, हातात कागद असला आणि पूर्ण नावानं कुणाला विचारू लागला, की तो माणूस इथं राहत नाही. बस्स. मला सगळं जग लोनी म्हणतं. अलोंझो पेटवे हे नाव फक्त वसुलीवाल्याला, कोर्टाला आणि पोलिसाला ठाऊक. मी स्वतः ओटिससाठी असं बोललोय, डेल्बर्टसाठी तर इतक्यांदा की मोजायची सोय नाही. ओटिसकडे तर मी त्याच्याच जिन्यावर त्याच्याबरोबर सोडा पीत बसलो होतो आणि म्हटलं होतं, ओटिस? कोण ओटिस?

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला फोन लावला. पलीकडची बाई कागद चाळत म्हणाली, "मिस्टर पेटवे, तुम्ही दिलेल्या पत्त्यावर तुम्हाला कुणीच ओळखत नाही. खोटा पत्ता दिला म्हणून तुमचं नाव काढलंय."

"बाई, मी त्याच पत्त्यावरून बोलतोय!"

"ते मला फोनवर कसं कळणार?"

फोन ठेवला आणि मी भिंतीवर मूठ मारली. भिंतीला काही झालं नाही. मग कोट न घालताच तरातरा रस्ता ओलांडला. डोक्यात नुसती तिडीक गेली होती.

"मिस ओडेसा, तो माणूस मला नोकरी द्यायला आला होता!"

"कोण माणूस?"

"कोटवाला! तुम्ही हाकलून दिलात तो! पाणीखात्याची नोकरी होती. मी इथं राहतो एवढंच त्याला बघायचं होतं. हो म्हणायचं होतं तुम्ही, फक्त हो!"

मला वाटलं, माफी मागतील. कसली माफी! उलट काठी आपटून म्हणाल्या, "मला काय स्वप्न पडणार होतं? तू सांगितलंस का मला? परीक्षा दिलीस, पास झालास, आणि मिस ओडेसाला एका शब्दानं बोलला नाहीस?"

"हाती लागल्याशिवाय सांगायचं नव्हतं. आधी दोनदा सांगून तोंडावर पडलोय."

"मग भोग आता!"

"तुमचं नेहमीचंच आहे! कुणीही येऊ दे, तुमचं आपलं नाही, नाही, नाही! एकदा, आयुष्यात एकदा खरं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

हे बोललो आणि जीभ चावली. कारण त्या गप्प झाल्या. मिस ओडेसा गप्प बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"बोलले होते एकदा," त्या म्हणाल्या. "ज्युनियसच्या वेळी."

ज्युनियस त्यांचा मुलगा. मी लहान असताना तो याच पोर्चवर बसलेला असायचा, मांडीवर हात ठेवून, कुणाशी न बोलता. मोठी माणसं त्याला आळशी म्हणायची. मग तो लवकरच गेला. त्याच्याविषयी त्या कधी बोलत नसत.

"दोघं आले होते," मिस ओडेसा सांगू लागल्या. "इतके गोड बोलले! मला मॅडम म्हणाले. त्या काळात, गोरी माणसं, मला मॅडम! 'मॅडम, ज्युनियस टॉलिव्हर इथंच राहतो का?' मी म्हटलं, हो साहेब, आत झोपलाय, रात्रपाळी करून आलाय बिचारा. बसा ना. मी त्यांना कॉफी दिली, लोनी. साखर किती घालू, विचारलं. आणि मीच आत जाऊन माझ्या लेकराला उठवलं. म्हटलं, ऊठ, तुला भेटायला माणसं आलीत."

त्या थांबल्या. मी त्यांच्या पायाशी पायरीवर टेकलो.

"कुणीतरी दुसऱ्यानंच दुकान लुटलं होतं. माझा पोरगा आत सडला. सुटून आला तेव्हा त्याला झाडू मारायलासुद्धा कुणी ठेवलं नाही. सगळीकडे तेच, तू आत होतास. मग इथं येऊन बसला तो बसलाच." त्यांनी ओव्हरकोटची बटणं लावली. "माणसाला विचारत आलेला माणूस काही द्यायला येतो, हे मला या वयात कुणी शिकवायला नको होतं का?"

रागावणार कुणावर? मी घरी आलो तर व्हर्नेटा कामावर जायला तयार होत होती. तिला सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून बूट घालत होती. मग म्हणाली, "म्हणजे तू या जगात कुठंच राहत नाहीस. छान." आणि नाडी बांधून कामावर गेली.

सकाळी दार वाजलं. मिस ओडेसा. डोक्यावर ईस्टरची जांभळी हॅट, हातात पर्स, पांढरे हातमोजे.

"चल," त्या म्हणाल्या. "कुठलं ते ऑफिस?"

त्या गुडघ्यांनी दोन बसगाड्या बदलून त्या माझ्याबरोबर आल्या. चढताना माझ्या खांद्यावर हात, उतरताना माझ्या खांद्यावर हात, आणि वाटभर ड्रायव्हरला सूचना. ऑफिसात काउंटरमागची बाई आमच्यातलीच निघाली, माझ्या बहिणीच्या वयाची. मिस ओडेसांनी पर्स काउंटरवर ठेवली आणि तोंडाचा पट्टा सोडला. हा अलोंझो पेटवे. हा समोरच्या घरात जन्मला, सुईणीला मीच बोलावलं. ह्याला गोवर झाला तेव्हा मी रात्रभर बसले. ह्याला भेंडी आवडत नाही. घे लिहून.

त्या बाईनं सगळं शांतपणे ऐकलं. "मग परवा 'नाही' असं का म्हणालात, आजी?"

"तुझी आई काय म्हणाली असती?"

ती बाई हसली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "हेच." मग तिनं पुन्हा तपासणी व्हावी असा अर्ज करून दिला. तोच माणूस परत येईल, शेजाऱ्यांनी ओळख दिली तर माझ्यावरचा खोटेपणाचा डाग जाईल, म्हणाली. जागेचं विचारलं तर म्हणाली, ते वरच्या मजल्यावर ठरतं, तिला काही माहीत नाही.

संध्याकाळी मिस ओडेसांनी सगळ्यांना पोर्चवर गोळा केलं. ओटिस, रेमंड, डेल्बर्ट.

"तो परत येणार आहे. या वेळी हो म्हणायचं."

"आणि दुसराच कुणी आला तर?" ओटिस म्हणाला. "ह्यांचे कोट सगळ्यांचे सारखेच."

"मी नाही बाबा," डेल्बर्ट म्हणाला. "मी मागच्या दारानं जाणार. मला सवय आहे."

"तू जाच," रेमंड म्हणाला. "तुला बघून ते लोनीची होती ती नोकरीही काढून घेतील."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मनात म्हटलं, जगात इतर माणसांना कामाला लागायला अंगात जोर लागतो, हुशारी लागते. मला अख्ख्या गल्लीची हिंमत गोळा करावी लागते.

तो आला तेव्हा बर्फ पडून गेला होता. मी घरात पडद्यामागे उभा होतो, व्हर्नेटा माझ्या मागे. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. तो सरळ मिस ओडेसांच्या जिन्याशी गेला. टोपी काढली. ओठ हलले. काय विचारलं ते मला ऐकू न येताही कळलं.

त्या काही बोलल्या नाहीत. दोन्ही हातांनी काठी धरून नुसत्या बसून राहिल्या. त्यानं पुन्हा विचारलं. व्हर्नेटा पुटपुटली, "बोल ना, म्हातारे, बोल." मला वाटलं, नाही म्हणणार. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या घरात कॉफीचे कप मांडलेले मला दिसत होते.

मग त्यांनी काठी उचलून आमच्या घराकडे रोखली. आवाज पार इकडे ऐकू आला.

"हो. राहतो. अलोंझो पेटवे तिथं राहतो. घरातच आहे."

तो आमच्याकडे वळला, तशा त्या उठल्या. कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या आणि बर्फातून त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडू लागल्या. मी दार उघडलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला यायची गरज नाही." मॅडम हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी इथंच उभी राहणार," त्या म्हणाल्या. "जे करायचं ते माझ्यासमोर कर."

त्या आमच्या जिन्याशी उभ्या राहिल्या. तो दारात आला, विजेचं बिल पाहिलं, माझा चेहरा लायसन्सशी ताडून पाहिला, पॅडवर खूण केली. माणूस वाईट नव्हता. मी हळू आवाजात विचारलं, "मग रुजू कधी व्हायचं?"

त्यानं पेन खिशाला लावलं. "रुजू? तुम्हाला सांगितलं नाही का? ती जागा पहिल्याच आठवड्यात भरली. मी फक्त तुमचं नाव साफ करायला आलो. पुढची परीक्षा निघाली की बसता येईल तुम्हाला."

"कधी निघेल?"

"पैसे मंजूर झाले की. दोन वर्षं, तीन वर्षं. शुभेच्छा." तो उतरला. जाताना मिस ओडेसांना टोपी उचलून दाखवली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या बघत होत्या. बघत होत्या की त्या गाडीत मी नाही. मग माझ्याकडे वळल्या. हॅट नव्हती, बूट बर्फात रुतले होते.

"काय म्हणाला, बाळा? मी हो म्हटलं ते बरोबर झालं ना?"

माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. फॅक्टरी, क्लिफर्ड, ते ऑफिस, दोन वर्षं, तीन वर्षं. ओरडून सांगावंसं वाटत होतं की तुमच्या हो ला आणि नाही ला त्यांच्या लेखी सारखीच किंमत आहे, शून्य. त्या बघत होत्या. मी म्हटलं, "मिळाली, मिस ओडेसा. नोकरी मिळाली."

त्या तिथंच बर्फात, आमच्या पायरीवर बसल्या आणि हातमोज्यात तोंड खुपसून रडल्या. मग ओटिसच्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "मिळाली रे! पोराला मिळाली!"

दार लावलं तेव्हा व्हर्नेटा माझ्याकडे बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वेडा आहेस का तू? किती दिवस लपणार आहे हे?"

"माहीत नाही."

"आणि उद्या सकाळी काय करशील? ती तिथं बसलेलीच असणार."

"जाईन कुठंतरी. मजूर अड्ड्यावर जाईन."

व्हर्नेटानं घड्याळाकडे पाहिलं. तिला रात्रपाळीला निघायचं होतं. फुगलेले पाय बुटांत कोंबले, कोट चढवला, दारापर्यंत गेली, आणि परत फिरून फडताळातून माझा फॅक्टरीतला पत्र्याचा डबा काढला. धुतला. ब्रेडला लोणी लावून आत ठेवलं. झाकण आपटून लावलं.

सकाळी उजाडायच्या आत मी निघालो. मिस ओडेसा नवऱ्याचा ओव्हरकोट घालून पोर्चवर हजर. मला बघितलं आणि उभ्या राहिल्या. आयुष्यभर मला लोनी म्हणणारी ती बाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अलोंझो पेटवे! कामाला निघालास?"

मी डबा वर करून दाखवला.

"हो, मिस ओडेसा," म्हटलं. "निघालो."